कड्यावरच्या सिस्टर

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. नवीन कुणी भेटलं की त्यांची नजर खाली जायची. चप्पल कुठल्या बाजूने झिजलीय, अंगठा कसा टेकतोय, टाचेला भेगा आहेत का, हे सगळं बघून झालं की मग त्या मान वर करून हसायच्या. परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर मी सकाळी फिरायला जायला लागले, तेव्हा त्यांनी मला नाव विचारायच्या आधी सांगितलं, "बाई, तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा हाय. बूट डाव्याच्या मापानं घेत जा." मला राग यायला हवा होता. पण त्या डाव्या बुटाने महिनाभर माझा जीव काढला होता, त्यामुळे मी मुकाट्याने त्यांच्यासोबत चालायला लागले.

त्यांची सगळी नोकरी पालमकडच्या दवाखान्यात गेली. नवरा लवकर गेला. एकुलती लेक मोठी झाली, लग्न होऊन रत्नागिरीला गेली, आणि निवृत्तीनंतर सिस्टर परभणीतल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहू लागल्या. त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या पावतीवर असेल तेवढंच. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायांत पुरुषांचे वाटावेत असे दणकट बूट. सकाळच्या फिरण्यात आम्ही चौघी होतो. सिस्टर, मी, मॅचिंग सेंटर चालवणारी मंगल आणि उर्दू शाळेतल्या शेख मॅडम. मी गणित शिकवते. आमच्यापैकी कुणीही कधी डोंगर चढला नव्हता, आणि समुद्र तर एकट्या सिस्टरांनीच पाहिला होता.

तो त्यांनी लेकीच्या बाळंतपणात पाहिला. परत आल्या त्या दुसऱ्याच कुणी होऊन आल्यासारख्या. "वाळूत उभं ऱ्हायलं की समुद्र नुसता पायापाशी येतो अन् जातो," त्या सांगायच्या. "कड्यावरनं बघितला ना, की सगळा दिसतो. खाटेवरल्या पेशंटवाणी, डोक्यापासनं पायापोतर." कोकणात समुद्रालगत काळे-तांबडे कडे असतात, त्यांच्या माथ्यावर सपाट माळ असतो, त्याला तिकडे सडा म्हणतात, आणि त्या सड्यावरून एका गावाहून दुसऱ्या गावाला पायवाटा जातात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. एका सकाळी त्या चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "आपण जाऊ. चार दिवस. कड्याकड्यानं." शेख मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, अपने को तो ओव्हरब्रिज चढता येत न्हाई." सिस्टर म्हणाल्या, "मग तिथनंच सुरू करू."

आणि खरोखर तिथूनच सुरुवात झाली. परभणीसारख्या सपाट गावात चढ आणायचा कुठून? तर रेल्वे स्टेशनच्या दादऱ्यावरून, म्हणजे रुळांवरच्या पादचारी पुलावरून. रविवारी सकाळी आम्ही प्लॅटफॉर्म तिकीट काढून त्या दादऱ्यावर चढायचो, पलीकडे उतरायचो, पुन्हा चढायचो. एकदा टीसी आमच्यामागून आला आणि काळजीने म्हणाला, "मावशी, कोणती गाडी पाहिजे तुमाला? केव्हाचं बघायलोय, तुमी चुकीच्याच प्लॅटफॉर्मवर उतरायलाव." सिस्टर न थांबता म्हणाल्या, "गाडी लय लांबची हाय बाबा. सहा महिन्यांनी येणार हाय." नंतर एसटीने जिंतूरच्या बाजूला जाऊन तिथल्या टेकड्यांवर चढउतार सुरू झाली. उतरताना गुडघे कसे मऊ ठेवायचे, पाऊल आडवं कसं टाकायचं, हे त्या पुढे उतरून दाखवायच्या आणि मग खाली उभ्या राहून एकेकीचे पाय निरखायच्या.

बेत आखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. महिना पौष ठरला. पौषात लग्नं नसतात, म्हणजे मंगलचं दुकान शांत असतं, ऊन कोवळं असतं आणि पावसाचं शेवाळ वाळून गेलेलं असतं. लेकीकडे जाऊन त्यांनी वाटेचे तुकडे स्वतः चालून पाहिले होते. कुठल्या खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, मिळते, तरवाला ओहोटीला कधी नाव सोडतो, कुणाच्या आंब्याच्या बागेतून वाट जाते आणि त्याला आधी विचारावं लागतं, कुठल्या घरी जेवण आणि अंथरूण मिळतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या दिवसाचा टप्पा त्यांनी मुद्दाम छोटा ठेवला. "पहिल्या दिवशी अर्धपोटी चालायचं," त्या म्हणायच्या. "भूक ठिवून झोपलं की सकाळी पाय आपणहून उठत्यात." ओझ्याचा हिशेबही त्यांचा त्यांचाच. वर्षाचं लेकरू पाठीवर घेऊन जितकं चालवेल तितकंच सामान. मंगलची पिशवी त्यांनी हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, "हे लेकरू शाळेत जायच्या वयाचं हाय. कमी कर."

आणि रोजच्या वाटेत एक पळवाट. हा शब्द त्यांचाच. कड्यावरून खाली गावात उतरणारा एखादा रस्ता, जिथे एसटी किंवा रिक्षा मिळेल. "चालता येईना त्या बाईनं तिथनं उतरायचं, गाडीत बसायचं अन् मुक्कामाला भेटायचं. त्यात कसली लाज?" आम्ही हसलो होतो. आम्हाला वाटलं, ही सोय मंगलसाठी आहे.

याच सुमारास माझे सासरे गेले आणि सासूबाई गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. गाव पालम तालुक्यातलं, शेतात राबलेली बाई, नऊवारी कासोटा. आल्या त्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. बोलणं जवळजवळ थांबलेलं. माझा नवरा रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचा, आणि दोघंही गप्प असायचे. मी सिस्टरांना बीपी बघायला बोलावलं. त्या आल्या, पट्टा बांधला, आणि नजर अर्थातच पायांवर. भेगाळलेल्या टाचा, पसरलेली रुंद बोटं.

"आक्का, ह्या पायांनी लय काम केलं," सिस्टर म्हणाल्या. "आता ह्यांना सुट्टी द्या."

"बसूनच तर हाय म्या," सासूबाई म्हणाल्या.

"बसून ऱ्हाणं म्हंजे सुट्टी न्हाई. सुट्टी म्हंजे काम नसताना हिंडणं. आमच्यासंगं चला."

"काम नसताना कशाला चालायचं?" सासूबाईंनी खरंच न कळून विचारलं. पाण्याला, रानात, बाजाराला, माहेराला त्या आयुष्यभर चालल्या होत्या. नुसतं चालायचं, ही गोष्ट त्यांच्या कानावर पहिल्यांदाच येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधार असतानाच सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज येऊन उभी ऱ्हायलीय बाई. बरं दिसत न्हाई."

त्यांना बूट घ्यायला आम्ही बाजारात गेलो तो प्रसंग दुकानदार विसरला नसेल. बायकांचा एकही जोड त्या पसरलेल्या बोटांना येईना. शेवटी पुरुषांचे निळे बूट बसले. नऊवारीखाली निळे बूट घालून सासूबाई दुकानात दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "पाय घरात बसल्यावाणी वाटायलेत." स्वयंपाकघरात बूट घालायला त्यांनी साफ नकार दिला. मग त्या रोज दुपारी गच्चीवर बूट घालून फेऱ्या मारायच्या. खालच्या भाडेकरूने तक्रार केली तेव्हा मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

अशा आम्ही पाचजणी निघालो. गाड्या बदलत, सांध्यांचा खुळखुळा करून घेत कोकणात उतरलो. लेकीने आम्हाला एका सड्याच्या पायथ्याशी सोडलं. वर चढलो, काजूची झाडं संपली, आणि एकदम पुढे जमीनच नव्हती. खाली पाणी होतं, आणि ते संपतच नव्हतं. मंगल मटकन खाली बसली. शेख मॅडम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. सासूबाई कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी सिस्टरांना विचारलं, "ह्याच्या पल्याड कोनाचं रान हाय?"

"लय लांबच्या लोकांचं," सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्याकडं बी आज कुणी असंच बघत आसंल."

कड्यावर सिस्टरांची शिस्त कडक होती. सगळ्यात हळू चालणारी पुढे, म्हणजे मंगल. बाकीच्यांनी तिच्या चालीने चालायचं. काठापासून दूर राहायचं. मी फोटो काढायला पुढे सरकले तर मागून आवाज आला, "बाई, वारा आपला नातेवाईक न्हाई. मागं व्हा." ऊन तापायच्या आत झाड गाठायचं, पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, आणि पायात कुठे गरम लागलं की लगेच सांगायचं. फोड यायच्या आधी. "दुखणं लपवणारा पेशंट सगळ्यात वाईट," हे त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या.

पहिल्या दुपारी आम्ही एका बागेच्या कडेला, दगडी गडग्याच्या सावलीत डबे उघडले. सिस्टरांनी सगळ्यांपुढे आपला डबा सरकवला. सासूबाई जरा लांब जाऊन, उन्हातच, आपली फडक्यात बांधलेली धपाटी सोडून बसल्या. सिस्टर बौद्ध. सासूबाई ज्या काळात, ज्या गावात वाढल्या तिथे वस्त्या वेगळ्या, पाणवठे वेगळे. त्या सिस्टरांसोबत महिनोन्‌महिने चालल्या होत्या, पण त्यांच्या घरी पाणी प्यायल्या नव्हत्या. मला मान वर करवेना. सिस्टरांनी पाहिलं, चटणी संपवली आणि एवढंच म्हणाल्या, "आक्का, जेवा कुठं बी. पर सावलीला या. ऊन लागलं तर मलाच बघावं लागंल." सासूबाई सावलीला आल्या. धपाटी मात्र स्वतःचीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सिस्टरांचा पाय मुरगळला. जांभ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या, एकीवर पाऊल तिरकं पडलं आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. त्या लगेच उठल्या, साडी झटकली, "काही न्हाई" म्हणाल्या आणि तरीत जाऊन बसल्या. पलीकडचा चढ त्या बोलत बोलत चढल्या. जरा जास्तच बोलत होत्या. सासूबाई त्यांच्या मागे होत्या. चढ संपल्यावर त्या पुढे येऊन सिस्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"सिस्टर, तुमचा गुडगा मघापासनं बोलायलाय. तुमी का गप?"

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या दगडावर बसल्या, साडी वर केली. गुडघा टम्म सुजला होता. त्यांनी तो स्वतःच दाबून पाहिला, एखाद्या परक्याचा तपासावा तसा, आणि मान हलवली. त्या रात्री मुक्कामाच्या घरी शेकला, बांधला, पण सकाळी सूज तशीच. तिसरा दिवस सगळ्यात मोठा होता. याच दिवशी ते टोक यायचं होतं, जिथे समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो. लेकीसोबत येऊनही सिस्टर तिथवर कधी पोचल्या नव्हत्या. गेली दोन वर्षं त्या त्याच टोकाबद्दल बोलत होत्या.

घरमालकाने गावच्या फाट्यापर्यंत सोडलं. तिथून एक रस्ता खाली एसटी थांब्याकडे जात होता आणि पायवाट वर सड्यावर. सिस्टर थांबल्या.

"ही आजची पळवाट. मी इथनं जाते."

"मग आमी बी येतो," मंगल म्हणाली. "तुमच्याबिगर कसलं चालणं?" शेख मॅडमनी पिशवी खाली ठेवलीसुद्धा.

सिस्टर चिडल्या. मी त्यांना चिडलेलं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. "उचला ती पिशवी. पेशंट बरा झाला की घरी जातो, सिस्टर वॉर्डातच ऱ्हाते. जल्मभर हेच केलं म्या, मला त्याची सवय हाय. तुमी माझ्यापाशी थांबलाव तर ही समदी मेहनत कशासाठी केली?" मग आवाज खाली आणून मंगलला म्हणाल्या, "पुढं एक अरुंद जागा हाय. भ्या वाटलं तर वरच्या वाटेनं जा. ती लांब हाय, पर कमीपणाची न्हाई." आणि सासूबाईंकडे वळल्या. "आक्का, तुमी शेवटी चाला. कुणाचा पाय बोलायलाय ते तुमाला ऐकू येतं."

एसटी आली. त्या एका पायावर जोर देत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी वळेपर्यंत आमच्याकडे बघत राहिल्या. डोळे कोरडेच होते. निदान आम्हाला तसं वाटलं.

अरुंद जागा आली तेव्हा मंगल थिजली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल खाली फुटणाऱ्या लाटांचा आवाज. वाट तशी बरी होती, पण तिचे पाय उचलेनात, ओठ पांढरे पडले. शेख मॅडम म्हणाल्या, "आंखा मिटून चल, मै हात धरती." मला वाटलं, एवढ्याशा जागेसाठी परत फिरायचं? तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. त्यांनी मंगलच्या तोंडाकडे पाहिलं, आपल्या पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि तिला अलगद मागे वळवलं. "वरनं जाऊ," त्या म्हणाल्या. "आपल्याला कुठं पाणी भरायला जायचंय?"

वरची वाट खरंच लांब होती. गुडघाभर पिवळं गवत, मधूनच कातळात साठलेलं पाणी, त्यात ढग. दुपार कलली तेव्हा आम्ही त्या टोकाशी पोचलो. काठापासून बऱ्याच मागे, सिस्टरांनी सांगितलं होतं तितक्या अंतरावर, चौघी थांबलो. समोर पाणी, उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी. मग सासूबाई खाली बसल्या, निळे बूट समोर पसरले आणि सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बोलल्या, नाव न घेता.

"त्यांना दाखवायचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी जवळ सरकले. त्यांनी माझा हात धरला आणि मोकळेपणाने, लहान मुलासारखं रडून घेतलं. वाऱ्याचा आवाज इतका होता की हुंदके फक्त मलाच ऐकू आले.

मुक्कामाच्या गावी सिस्टर थांब्यावरच बसलेल्या होत्या. आम्ही दिसताच त्यांनी आम्हाला एकेक करून मोजलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी घरच्या बाईकडून खोबरेल मागून घेतलं, कोमट केलं आणि सिस्टरांचा पाय मांडीवर घेतला. सूज सोडून, पोटरीला आणि पावलाला, हलक्या हाताने तेल लावत त्या बोलत होत्या. गवत कसं होतं, कातळात पाणी कसं साठलं होतं, एक पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी कसा पंख न हलवता हवेत उभा राहिला होता, समुद्र तीन बाजूंनी कसा येतो. महिनोन्‌महिने गप्प असलेली ती बाई बोलत होती, आणि सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "डाव्या बाजूला काय होतं आक्का?" सासूबाई थांबल्या, आठवलं आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूला ऊन पडलं होतं पाण्यावर. सोयाबीन पिवळं पडतं ना, तसं."

चौथ्या दिवशी आम्ही चालत एका वाळूच्या पुळणीवर उतरलो. सिस्टर रिक्षाने पुढे येऊन सुरूच्या झाडाखाली बसल्या होत्या. त्यांनी घरच्या बाईकडून घावणे करून आणले होते. सगळ्यांनी डबे काढले. सासूबाई म्हणाल्या, "माझी धपाटी संपली." दोन धपाटी माझ्या पिशवीत होती, मीच सकाळी बांधली होती. मी पिशवी मागे सरकवली. त्यांनी सिस्टरांचा डबा स्वतःकडे ओढला. सिस्टरांनी फक्त एवढंच सांगितलं, "चटणी तिखट हाय, बघा."

त्यानंतरची दोन वर्षं त्या दोघी रोज सकाळी एकत्र चालल्या. सिस्टर आता काठी घेऊन, हळू. सासूबाई त्यांच्या चालीने. विद्यापीठाच्या रस्त्यावर बाकीचे लोक त्यांना ओलांडून पुढे जायचे आणि या मागून गप्पा मारत यायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात मंगलने नव्या बायकांना घेऊन पुन्हा कड्यावर जायचं ठरवलं. सिस्टरांनी तिला समोर बसवून सगळी वाट तोंडपाठ करून घेतली. मंगल, जी एकदा जागच्या जागी थिजली होती, ती आता दरवर्षी परभणीच्या बायकांना घेऊन जाते, आणि वरच्या वाटेनेच नेते.

सिस्टर गेल्या त्या लेकीकडे, रत्नागिरीत. झोपेतच, हृदय बंद पडून. आम्हाला अंत्यविधीला पोचता आलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परभणीत, त्यांच्या वस्तीतल्या विहारात झाला. दवाखान्यातल्या जुन्या सहकारी आल्या होत्या, सिस्टरांनी बाळंतपणं केलेल्या बाया आपली मोठी झालेली मुलं घेऊन आल्या होत्या. वंदना झाली, एकेकजण उठून बोललं. सगळ्यांचं बोलून संपत आलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई उठल्या. गावच्या सभेतही त्या कधी मागच्या भिंतीच्या पुढे आल्या नव्हत्या. मी त्यांना बसवायला हात पुढे केला, तोवर त्या चालत समोर पोचल्या. कुणीतरी माईक दिला, तो त्यांनी बाजूला केला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या लोकांकडे बघून बोलल्या.

"माझा मालक गेल्यावर लय लोक भेटायला आले. माझ्यापाशी बसले अन् गेले. ही एकटीच अशी आली, जी बसली न्हाई. मला उठवून घेऊन गेली."